हात वर करायचा नियम

माझ्या तळहातांवरचे घट्टे मऊ पडायला लागले, तेव्हा मला नीट कळलं की माझी जागा गेली. त्याआधी कोचने सांगून झालं होतं, मैत्रिणींनी समजूत घालून झाली होती, पण ते सगळं कानावरून गेलं होतं. कॉलेजच्या वल्हवण्याच्या क्लबात दोन वर्षं घासून मी ते घट्टे कमावले होते. वल्हं सुटलं आणि ते बघता बघता गेले. ज्या मुलीमुळे गेले, तिच्या हातांना त्याच सुमारास फोड येत होते, आणि माझी आई आमच्या कुवेतमधल्या, महबूला भागातल्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसून तिच्या फोडांना मलम लावत होती.

आई इथल्या इस्पितळात नर्स आहे. दिवसभर परक्यांना पट्ट्या बांधते, तेव्हा घरी एकीला आणखी बांधली तर बिघडलं काय, असं कुणीही म्हणेल. पण ती पट्टी गुंडाळताना मध्येच फुंकर घालत होती. पहिल्या वर्षी माझे हात सोलले होते तेव्हा ती फुंकर मला मिळाली होती. इस्पितळात ती कुणाला फुंकर घालत असेल असं मला वाटत नाही.

त्या मुलीचं नाव मी लिहीत नाही. आईच्या तोंडून ते इतक्या लाडाने ऐकलं आहे की लिहायला हात वळत नाही. ती रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावची. वडिलांचं फहाहीलला मोबाईलचं दुकान. बारावी गावाला करून ती इथे आली आणि आमच्या कॉलेजात दाखल झाली. क्लबात पहिल्या दिवशी होडीत बसली, तर म्हणाली, "उलटं बसून कुठं जायचं गो?" मी ते इंग्रजीत करून सांगितलं तशा सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण तेव्हा ती मला आवडली होती. अख्ख्या क्लबात माझ्याशी मराठी बोलणारी दुसरी कुणी नव्हतीच. तिला घरी जेवायला मीच नेलं. हे मी फार वेळा स्वतःला ऐकवलं आहे.

तिचा प्रश्न मात्र बरोबर होता. आमच्या होडीत चौघी जणी पाठ पुढे करून बसतात आणि मागे बघत वल्हं ओढतात. पाचवी शेपटाशी, त्यांच्याकडे तोंड करून बसते, हातात सुकाणूच्या दोऱ्या. पुढचं दिसतं ते फक्त तिला. वल्ही ओढणाऱ्यांत जी तिच्या सगळ्यात जवळ बसते, तिला स्ट्रोक म्हणतात. ती जी लय धरेल ती बाकीच्या तिघींनी उचलायची. पहिल्या होडीची स्ट्रोक मी होते. बुटकी असूनही होते, याचा मला गर्व होता.

मग कोचने परीक्षा घेतली. दोन होड्या शेजारी शेजारी सोडल्या, नंतर त्यातल्या आम्हा दोघींचीच अदलाबदल केली आणि पुन्हा सोडल्या. ती ज्या होडीत जाईल ती होडी पुढे जाई. कोच दूरदेशीचे, बोलणं मोजकं. त्यांनी इंग्रजीत एवढंच सांगितलं की पाणी खोटं बोलत नाही. माझी जागा तिला मिळाली आणि मला दुसऱ्या होडीचं सुकाणू. वजन कमी आणि आवाज मोठा, एवढंच माझ्याकडे शिल्लक होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी त्या रात्री आईला म्हणाले. आई भाजी चिरत होती. म्हणाली, "बीळ तुझ्या बापाचं होतं काय?"

माझ्या आईचं माहेर नांदेडकडचं. आमच्या घरात मटण झालं तर झालं, मासा कधी शिजला नाही. आईला वासच सोसत नसे. या बयेने महिन्याभरात आईला जुबैदी, म्हणजे इथलं पापलेट, साफ करायला शिकवली. मी खोलीत पुस्तक उघडून बसायची आणि स्वयंपाकघरातून दोघींचं हसणं ऐकू यायचं. नारळ की शेंगदाण्याचं कूट यावर वाद चालायचा, आणि कुटाचा हट्ट आईने आजवर कुणासाठी सोडला नव्हता, तो तिच्यासाठी सोडला. ती आईला मावशी म्हणायची. माझ्या धाकट्या भावाने इंग्रजीत उत्तर दिलं की आई ऐकूच न आल्यासारखं करते. ही आली की तिला म्हणायची, बघ, हिचं बोलणं कसं कानाला गोड लागतं. मीसुद्धा जन्मभर त्या घरात मराठीच बोलत आले होते. माझं कधी कानाला लागलं नाही.

असो. फेब्रुवारीच्या शेवटी इथे मोठी सुट्टी असते, रस्तोरस्ती झेंडे लावलेल्या गाड्या फिरतात आणि पोरं येणाऱ्याजाणाऱ्यावर पाणी उडवतात. त्या सुट्टीत खैरानला चार दिवसांची शर्यत असते. तिथले कालवे समुद्राचं पाणी आत घेऊन खणलेले, दोन्ही अंगाला शॅले, म्हणजे बड्या लोकांचे सुट्टीचे बंगले, आणि मध्ये पाणी एवढंच की दोन होड्या शेजारी चालल्या तर वल्ही एकमेकींत अडकतील. म्हणून सगळ्या होड्या एकामागे एक उभ्या करतात, मध्ये सारखं अंतर सोडून. बार झाला की सगळ्या एकदम सुटतात, आणि जिने तिने पुढचीला गाठून धडक द्यायची. नुसतं नाक लागलं तरी धडकच. धडक बसली की बसलेल्या होडीच्या सुकाणूवालीने हात वर करायचा, म्हणजे कबूल. मग दोघींनी वल्ही आत ओढून काठाला चिकटायचं, बाकीच्या पुढे जातील. आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी जागा बदलून उभं राहायचं. जिने पकडलं तिने काठावरची हिरवी डहाळी तोडून डोक्यात खोचायची. खैरानला हिरवं म्हणजे कण्हेर. आई पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगत फिरली की कण्हेर विषारी असते, डोक्यात घालाल तर हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका. इंग्रजीत, अरबीत आणि हिंदीत सांगितलं.

आई चारही दिवस आली. ड्यूट्या बदलून घेतल्या, स्वतः गाडी चालवत आली, सोबत धपाट्यांचा डबा आणि दही. मला मनातून बरं वाटलं होतं, पण ते टिकलं नाही. पहिल्या दिवशी आमच्या दोन्ही होड्यांनी एकेक धडक मारली. काठावर आलो तेव्हा आईने डबा उघडला आणि पहिलं धपाटं काढून तिच्या हातात दिलं. हात सोललेले म्हणून त्याची गुंडाळीसुद्धा करून दिली. मी ओल्या अंगाने तिथेच उभी होते.

परतताना गाडीत मी विचारलं, काठावरून नेमकी कुणाच्या नावाने ओरडत होतीस. कारण पुलाच्या वळणावर मला आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला होता, "ओढ गं माय, ओढ." मी तर ओढत नाही. मी दोऱ्या धरून बसते. आईने रस्त्यावरची नजरसुद्धा काढली नाही.

"तू बसूनच असतीस की," ती म्हणाली. "ती बिचारी ओढून ओढून मरायली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस मिनिटं बोंबलून माझा घसा बसला होता, दोऱ्यांनी बोटं कापली होती, वारा आडवा असताना मी ती होडी वळणातून सुतासारखी काढली होती. पण आईच्या लेखी काम म्हणजे अंगमेहनत, आणि बसलेलं माणूस म्हणजे बसलेलं माणूस. मी घरी जाईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. तिला ते कळलं असेल असंही नाही, कारण ती फोनवर त्या मुलीला कोमट पाण्यात मीठ घालून हात बुडव म्हणून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी एक धडक मारली, आणि त्यामुळे जे झालं ते मला हवंच होतं. तिसऱ्या दिवशी रांगेत आमच्या नेमकी पुढे आमच्याच क्लबची पहिली होडी आली. स्वतःच्या क्लबच्या होडीला धडक द्यायला नियमाची आडकाठी नाही. कोचने दोन्ही होड्यांना समोर बसवून सांगितलं की पाण्यावर कुणी कुणाचं नाही, आणि पाण्याबाहेर ते लक्षात ठेवू नका. पहिलं मला पटलं.

आता उलटं बसण्याची गंमत अशी की पळणाऱ्या होडीतल्या बायका पाठलाग करणारीकडेच तोंड करून बसलेल्या असतात, आणि पाठलाग करणाऱ्या होडीत पुढे बघणारी एकटी मी. म्हणजे बार झाल्यापासून ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मध्ये माझ्या चौघींची डोकी, त्यांच्या सुकाणूवालीची पाठ, आणि तिच्या खांद्यावरून प्रत्येक ओढीला पुढे येणारा तो चेहरा. मी माझ्या चौघींना दुसरं काही सांगितलंच नाही. तिचे दात दिसायला लागले, ओढा. तिच्या कपाळावरचा घाम दिसतोय, ओढा. तिने मान टाकली, आता ओढा. एवढं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं. पाण्यावरून अंतर कमी होत होतं आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. ती भीती माझी होती, मी घातलेली होती.

वळण संपलं. आमचं नाक त्यांच्या शेपटापासून हातभर राहिलं असेल. एवढ्यात उजवीकडच्या एका शॅलेच्या धक्क्यावर खुर्ची टाकून बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर करून, हलवून हाक मारली. त्या पहिल्या होडीच्या सुकाणूवालीच्या आजी. ती मुलगी कुवेती, मोठ्या घरची, वळणाची. आजीने हाक मारावी आणि नातीने उत्तर देऊ नये, हे तिच्या रक्तात नव्हतं. तिने दोरी सोडली आणि उजवा हात वर करून आजीला सलाम केला.

पंचांच्या मोटरबोटीवरून झेंडा पडला. हात वर म्हणजे कबूल. त्यांच्या चौघींनी झेंडा पाहून वल्ही थांबवली, आम्हीही थांबलो, मागच्या होड्या शेजारून निघून गेल्या. मग त्या मुलीला कळलं आपण काय केलं, आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. आजीबाई खूश होत्या. सगळ्यांनी धक्क्यावर येऊन खजूर खावेत, असा त्यांचा आग्रह चालला होता.

पंचांनी मला विचारलं की धडक बसली होती का. पकडणाऱ्या होडीत मीच एकटी पुढे बघत होते, तेव्हा साक्ष माझीच. माझ्या चौघींनी माझ्याकडे बघितलं. तीही बघत होती, वल्ह्यावर छाती टेकून, धापा टाकत. एक हो म्हटलं की झालं असतं.

मी नाही म्हणाले.

माझ्या चौघींनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. पंचांनी जागा होत्या तशाच ठेवल्या. कोचने सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला आणि मोठ्या मनाविषयी काहीतरी बोलले. मोठं मन कुठलं? मला तिला गाठायचं होतं. माझ्या होडीचं नाक तिच्या होडीला लागल्याचा आवाज मला ऐकायचा होता, आणि तो ऐकताना तिचा चेहरा बघायचा होता. एका आजीला केलेल्या सलामापायी मिळालेली जागा घेऊन मी काय करणार होते? जन्मभर ती म्हणू शकली असती की तू मला पकडलंच नाहीस. मी खरं बोलले ते निव्वळ जळून बोलले.

आणि नेमकी तीच माझ्याकडे आली. होड्या धुऊन ठेवत होतो. म्हणाली, दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती. मी तिला सांगितलं की हे तुझ्यासाठी केलेलं नाही.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "उद्या पकड."

ती हसत नव्हती. तिला माझ्या पोटातलं सगळं दिसत होतं, कदाचित पहिल्या दिवसापासून, आणि तरी ती आमच्या घरी येऊन मासे साफ करत होती, हे मला तेव्हा लक्षात आलं. त्याने बरं वाटायच्या ऐवजी आणखीच लागलं. गाडीत आई म्हणाली, "बरं केलंस. पोरगी रडली असती." कुठली पोरगी, ते विचारायची गरज नव्हती.

शेवटच्या दिवशी वारा उत्तरेचा आणि थंड होता. काठावर एरवीपेक्षा गर्दी. आई वळणाच्या पुलापाशी डबा घेऊन उभी, नेहमीच्या जागी. आम्ही रांगेत तिसऱ्या, त्या दुसऱ्या, आणि त्यांच्यापुढे एकच होडी, सगळ्यांत पहिली. बार झाला. मी लगेच सुरू केलं. तिचा चेहरा, तिचे दात, तिचा घाम. पण आज अंतर कमी होईना. आज तिने डोळे वर केलेच नाहीत. माझ्याकडे बघायचंच नाही असं ठरवून ती ओढत होती आणि तिच्या पाठीमागच्या तिघी एका माणसासारख्या तिच्याबरोबर येत होत्या. जिथे मी बसायची तिथे ती बसली होती, आणि माझ्या वेळी ती होडी अशी कधी चालली नव्हती. हे मला चांगलं दिसलं, कारण तिथे मी एकटी पुढे बघत होते.

पुलाच्या जरा अलीकडे त्यांनी पहिल्या होडीला धडक दिली. काठावरून एकच आरोळी उठली. दोन्ही होड्या बाजूला झाल्या, कुणीतरी कण्हेरीची फांदीच्या फांदी तोडून त्यांच्याकडे फेकली. आम्ही त्यांच्या शेजारून गेलो. ती वल्ह्यावर वाकली होती. आमची होडी अगदी बाजूला आल्यावर तिने मान वर केली आणि ओरडली, "थांबू नको गो. मागं बघ, आल्या त्या."

आणि मग समोर काही नव्हतं. पूल ओलांडल्यावर शॅले संपतात, एका अंगाला नुसती वाळूची पट्टी, आणि कालवा सरळ शेवटापर्यंत जातो. सपाट हिरवट पाणी. मी तोंड उघडलं आणि मला एक शब्द सुचेना. चार दिवस, खरं म्हणजे चार महिने, मी त्या एका चेहऱ्याकडे बघून ओरडत होते. तो गेला तर ओढा म्हणायचं ते कशासाठी, हेच मला सांगता येईना. माझी स्ट्रोक केरळची होती, माझ्यापासून हातभरावर, घामाने डबडबलेली. तिला मागची होडी दिसत होती, मला दिसत नव्हती. ती धापेतच म्हणाली, "कुछ तो बोल."

मी काही बोलले नाही असं नाही. आकडे म्हटले, लांब ओढा म्हटलं. पण ते ऐकणाऱ्यालाही कळतं. लय सैल झाली. पाठीमागून दुसऱ्या कुणाच्या तरी सुकाणूवालीचा आवाज मोठा होत गेला, आणि त्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. मग शेपटाला टक् असं काहीतरी लागलं. मोठा आवाज झाला नाही. दारावर कुणी बोटाने टिचकी मारावी तेवढाच. ज्यासाठी मी एवढी जळले, तो आवाज एवढासाच असतो.

मी हात वर केला.

सगळे लोक पाठीमागे पुलापाशी होते, जिथे ती होती, जिथे कण्हेर उडत होती आणि फोटो चालले होते. इकडे वाळूवर कुणी यायचं कारण नव्हतं. पण एक माणूस होतं. पातळाचा घोळ एका हाताने वर धरलेला, बगलेत डबा, चपला दुसऱ्या हातात, वाळूतून धावून धावून दम लागलेला. आई पुलापासून माझ्या होडीच्या बरोबरीने पळत आली होती. तिच्या लाडकीने पहिली जागा जिंकली त्या ठिकाणी ती थांबली नव्हती.

तिला चार दिवसांत नियम काही कळलेला नव्हता. लेकीने पाण्यातून हात वर केला, तेवढं तिला दिसलं. तिने चपला वाळूत टाकल्या आणि तो हात वर करून मला जोरजोरात हलवून दाखवला, आजीबाईंनी केला होता तसाच. तोंडभर हसत होती. मी जिंकले असं तिला वाटत होतं.

पंचांनी शिट्टी वाजवली, कळलं, हात खाली घ्या म्हणून. पुन्हा वाजवली. मी हात खाली घेतला नाही.